डोक्यावरची जमीन

क्योतोला येणाऱ्या मराठी ग्रुपसाठी मी दुभाषी म्हणून काम करते. योगेन-इन हे देऊळ आमच्या ठरलेल्या कार्यक्रमात नसतं. त्या दिवशी सांजूसानगेन्दो हे समोरचं मोठं देऊळ लवकर उरकलं, बस यायला अवकाश होता, म्हणून पायात जोर असलेल्या सात-आठ जणांना घेऊन मी रस्ता ओलांडून तिकडे गेले. आत फोटो काढायला मनाई. चपला बाहेर. पावलागणिक चिवचिवणारी लाकडी जमीन.

देवळातले एक वयस्क गृहस्थ हातात लांब काठी घेऊन आले आणि वर पाहा म्हणाले. छताच्या फळ्यांवर काळपट तपकिरी डाग होते. या फळ्या मुळात क्योतोजवळच्या फुशिमी किल्ल्याच्या जमिनीच्या. 1600 साली ज्या जमिनीवर माणसं मेली, तिच्यावर पुन्हा कुणाचा पाय पडू नये म्हणून ती छताला लावली. तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या घरातली योदो-दोनो, तिनं वडिलांसाठी 1594 साली बांधलेलं हे देऊळ 1619 मध्ये जळालं, आणि तिच्या धाकट्या बहिणीनं 1621 मध्ये ते पुन्हा उभं केलं, तेव्हाचं हे काम. काका काठीनं दाखवत गेले, मी मराठीत सांगत गेले : हे डोकं, हा हात, हा दुमडलेला पाय. तोरिई मोतोतादाचा देह इथे पडला होता, असं देवळात सांगतात.

मोतोतादा हा, पुढे जपानचा शोगुन म्हणजे सर्वोच्च सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूचा सरदार, आणि त्याहून आधी त्याचा बालपणीचा सोबती. इएयासू लहानपणी इमागावा घराण्याकडे ओलीस होता, तेव्हा त्याच्यासोबत राहायला गेलेल्या मुलांत मोतोतादा होता. दोघांच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर. त्या दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. छोट्या इएयासूनं खाटीक पक्षी पाळला आणि त्याला ससाण्यासारखं हातावर बसवायला शिकव, असं मोतोतादाला फर्मावलं. त्याला ते नीट जमेना, तेव्हा इएयासूनं रागानं त्याला ओसरीवरून खाली ढकललं. ओलीस पोर, दुसऱ्याच्या घरी, आणि रुबाब मात्र धन्याचा!

पुढे चाळीसेक वर्षांच्या लढाया. त्या मी भराभर सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला नावं जड जातात. 1600 च्या उन्हाळ्यात इएयासू उएसुगी कागेकात्सू या बड्या सरदारावर चालून पूर्वेला निघाला. आपली पाठ फिरली की आपला विरोधक इशिदा मित्सुनारी उठणार आणि त्याचा पहिला घाव फुशिमीवर पडणार, हे त्याला दिसत होतं. किल्ला मोतोतादाकडे होता. निघण्याआधी दोघं साकेचे पेले घेऊन रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. तुझ्याकडे माणसं फार कमी ठेवतोय, असं इएयासू म्हणाला. मोतोतादानं उलटा हिशोब मांडला : वेढा पडला तर मदत पोचणार नाही, मग इथे माणसं वाढवून ती फुकट का घालवायची, पुढच्या लढाईला सोबत न्या. तेव्हा तो साठीला टेकला होता.

किल्ल्यात सुमारे 1,800 जण, बाहेर सुमारे 40,000. तरी दहा दिवसांहून जास्त झुंज चालली. आत कोगा नावाच्या भागातली काही माणसं होती; त्यांची बायकामुलं शत्रूनं पकडली, मारून टाकू अशी धमकी दिली, आणि त्या माणसांनी आतून आग लावली. त्या माणसांना फितूर म्हणताना माझी जीभ अडखळते. किल्ला पडला, मोतोतादा मेला. पुढे सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईत इएयासू जिंकला.

हे सांगून होईपर्यंत सगळे माना वर करून उभे होते. मग काका एक शब्द बोलले : सुतेइशी. 'गो' हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटखेळ. मोठा डाव साधण्यासाठी एखादी सोंगटी जाणूनबुजून मारू द्यायची, ती सुतेइशी. घाईत मी म्हणाले, "म्हणजे प्यादं."

साताऱ्याच्या एक काकू माझ्या अगदी शेजारी होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "प्यादं कसं गं ताई? प्याद्याजवळ कोण रात्र रात्र बोलत बसतं?"

मी गप्प झाले. 'बळी' म्हणावं तर बळीला कुणी विचारत नाही, आणि इथे हिशोब त्यानं स्वतः मांडलेला. 'हुतात्मा' म्हटलं की दगडी पुतळा डोळ्यांपुढे येतो. इतक्या वर्षांच्या कामात एवढ्याशा शब्दाला मी असं अडले नव्हते. शेवटी म्हणाले, "काकू, प्यादं नाही. चुकलं माझं. आपला म्हणून मागे ठेवलेला माणूस."

"हां, तसं म्हण."

काय बोलणं झालं, असं काकांनी विचारलं. काकूंचा प्रश्न मी जपानीत सांगितला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, काकूंना कमरेतून वाकून नमस्कार केला, थोडं थांबले, आणि काठी पुन्हा उचलून छतावरच्या त्याच दुमडलेल्या पायाकडे नेली. जुन्या एका लढाईत त्याच्या पायाला जखम झाली होती, म्हणाले. फुशिमीला आला तेव्हा तो लंगडतच होता.