गच्ची गेल्यानंतरची नदी

१२ जुलै

पहाटे साडेपाचला पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या देवळामागच्या घाटावर उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण मुठेचे पाणी गढूळ होते आणि चढत होते. गेली वीस वर्षे मी या तारखेला नदीचा एक तरी फोटो काढतो. १९६१ साली याच दिवशी पानशेतचे बांधकाम अजून पूर्ण न झालेले मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आत्या तेव्हा परकर-पोलक्यातली होती. शनिवार पेठेतले बिऱ्हाड वाहून गेल्यावर आमच्या घराला गोखलेनगरात जागा मिळाली आणि आत्या आजही तिथेच राहते.

इतकी वर्षे हे फोटो एका मित्राच्या वाड्याच्या गच्चीवरून काढले. वाडा दुमजली होता. दरवेळी कॅमेरा नेमका त्याच ठिकाणी यावा म्हणून मी कठड्यापाशी फरशीवर तैलरंगाचे तीन ठिपके दिले होते, त्यांवर तिकाटण्याचे पाय ठेवायचे आणि ५० मिलिमीटरची लेन्स लावायची. उजेड, पाणी आणि माणसे यांच्याखेरीज चौकटीत काही बदलू नये, एवढाच हट्ट होता. त्यामुळे फोटो ओळीने मांडले की पैलतीरावरच्या संभाजी उद्यानाच्या झाडीपुढे मेट्रोचे खांब एकेक करून उभे राहिलेले दिसतात, मग त्यांच्यावर पूल चढलेला दिसतो, आणि १ ऑगस्ट २०२३ला गरवारे महाविद्यालयापासून रुबी हॉलपर्यंतचा मार्ग खुला झाल्यानंतरच्या चौकटींत कुठे कुठे धावती गाडीही सापडते. मला ते खांब पात्राच्या इतक्या लगत नको होते. तरी त्या गाडीतून पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारचे एक आजोबा नातवाला खिडकीतून बोट दाखवून जुन्या पेठा ओळखायला शिकवत होते, आणि ते पाहताना माझ्या मनातली तक्रार थोडी निवळली, हेही इथे लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी तो वाडा पाडला. पुनर्विकासात मित्राला सातव्या मजल्यावर घर मिळाले आहे आणि त्याने मोठ्या आपुलकीने बाल्कनी देऊ केली. मार्चमध्ये तिथे दोन तास उभा राहिलो. नदी पूर्वीपेक्षा जास्त दिसते. भिडे पुलापासून नवा पूल म्हणतात त्या शिवाजी पुलाच्या दिशेपर्यंत तिचे सगळे वळण एका नजरेत येते. पण काठावर कपडे वाळत घालणारी बाई तिथून ओळखू येत नाही. दुसऱ्या मजल्यावरून मला माणसांचे चेहरे दिसत. कोण वाकले आहे, कोण नुसते बसले आहे, कोणाची गाडी नदीपात्रातल्या रस्त्यावर बंद पडली आहे, हे कळत असे. सातव्या मजल्यावरून नदी देखावा होते. बंडगार्डनकडे नदीकाठ सुधारणेचे काम पाहिले तेव्हाही मला हेच जाणवले होते. तिथे दगडी उतार, पायवाट आणि बसायच्या जागा झाल्या आहेत, संध्याकाळी लोक मुलांना घेऊन येतात आणि त्यांना बरे वाटते, ते खरेच आहे. मात्र ते सगळे नदीकडे पाहायला आलेले असतात. नदीशी ज्यांचे काही काम असते त्या धोबी, गुराखी, गळ टाकणारी पोरे, चिखलात चालणारे शेकाटे पक्षी यांच्यासाठी त्या नीट बांधलेल्या काठावर उतरायला जागा कुठे आहे, हे मला अजून सापडलेले नाही. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा हा प्रकल्प आहे. एवढ्या लांबीत चिखलाचा काठ कुठेतरी चिखलाचाच राहू द्यावा, असे मला मनापासून वाटते. शिवाय पुराच्या पाण्याला पसरायला जागा लागते, हे या पेठांनी एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

म्हणून आज तिकाटणे घेऊन घाटावरच आलो. जुन्या मालिकेशी ही चौकट जुळणार नाही. वीस वर्षांची ओळ इथे तुटते, आणि ती तुटली याचे वाईट वाटते. पण लेन्स पाण्याच्या इतक्या जवळ पूर्वी कधीच नव्हती. पाण्याला वास आहे, तो गच्चीवर येत नसे. समोर जलपर्णीचा एक मोठा गठ्ठा वाहत आला, त्यावर वंचक बगळा बसला होता आणि तो थेट माझ्याकडे पाहत होता; तो फोटो चांगला आला असावा.

सातच्या सुमारास आत्याचा फोन आला. ती दरवर्षी या दिवशी करते आणि एकच प्रश्न विचारते, "पाणी कुठवर आलंय रे?" मी गच्चीवरून अंदाजाने सांगत असे, आणि तीही फार खोदून विचारत नसे. आज खाली वाकून पायऱ्या मोजल्या.

"वरून सातवी बुडतेय, आत्या."

"सहावीला लागलं की घरी जा," ती म्हणाली.

आठपर्यंत थांबलो. पाणी सातवीवरच होते.