गाडी, वाडी आणि गोखले नाका

आमच्या गाडीचे पासिंग या वर्षी संपते आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि आमची गाडी २०११ सालची आहे. यापुढे ती रस्त्यावर ठेवायची तर आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पाच वर्षांसाठी फेरनोंदणी करायची आणि त्यासाठी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेलेले शुल्क भरायचे. पर्यावरण कर त्याखेरीज. (मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरणही २०११ सालीच सुरू झाले होते. गाडीची मुदत संपत आली, महामार्गाचे काम मात्र अजून सुरूच आहे.)

पासिंगचा विषय घरात निघाला आणि पुण्याहून मुलाने फोनवरच निकाल दिला. गाडी काढून टाका, रत्नागिरीत बाजारपेठेजवळ एखादा ब्लॉक घ्या, म्हणजे गाडीची गरजच उरणार नाही. त्याने हे दोन्ही सल्ले एका दमात दिले, आणि गाडी गेली की शहरात जायचे किंवा शहरात गेलो की गाडी जाणार, असे आम्हीही काही महिने एकाच श्वासात बोलत राहिलो.

आमचे घर पावसच्या पुढे, पूर्णगडच्या वाटेवर आहे. रस्ता सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, जातो आणि आमची वाडी त्याखाली उतारावर आहे. वरून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून आले की आधी कलमे लागतात, मग विहीर आणि मग घर. रत्नागिरीचा बाजार इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, भाट्याच्या पुलापलीकडे आहे. बँक, दवाखाना, चष्मेवाला, यजमानांचे बागायतदारांच्या बैठकांचे काम आणि माझे वाचनालय हे सारे पुलाच्या त्या अंगाला आहे. गाडी मी चालवते. यजमानांना झाडावर चढण्याची भीती कधी वाटली नाही, पण चाकामागे बसण्याची वाटते, आणि त्यांनी हे इतक्या मोकळेपणाने मान्य केलेले आहे की त्यावर वाद घालण्यात काही अर्थ उरलेला नाही.

खर्चाचा हिशेब सोपा होता आणि तो गाडीच्या विरुद्ध गेला. आमच्या बाराशे सीसीच्या गाडीचा नुसता त्रयस्थ विमाच २०२२ सालच्या दराने ३,४१६ रुपये होतो. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेले त्याला काही वर्षे झाली. त्यात आपला खारा वारा. देशावरची गाडी पंधरा वर्षांत म्हातारी होते, किनाऱ्यावरची तेवढ्याच काळात आतून पोखरली जाते. दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, बॉनेटखालचे पत्रे हे सगळे एकेक करून सडते आणि रंगाखाली ते दिसतही नाही. गॅरेजवाला पत्र्यावर बोट दाबून आवाज ऐकतो आणि मान हलवतो. पावसाळ्यात चार दिवस गाडी हलवली नाही की आसनांवर बुरशी धरते, आणि बॉनेटखाली ऊब शोधत आलेले उंदीर वायरी कुरतडतात, तो खर्च वेगळा. एवढ्या पैशांत वाडीतली रिक्षा हवी तेव्हा सांगून मागवता येईल आणि वर शिल्लकही उरेल, असे यजमानांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले.

हिशेबात चूक नव्हती. पण तो मांडताना लक्षात आले, की गाडीचा खर्च हे खरे तर आम्ही शहराबाहेर राहतो त्याचे भाडे आहे. विहीर, अंगण, दारचा फणस, रात्रीची गाजेची साथ या सगळ्यांचे दर महिन्याला पडणारे भाडे आम्ही पेट्रोल पंपावर आणि गॅरेजमध्ये भरत आलो. ब्लॉक घेतला तर तेच भाडे घराच्या किमतीत एकरकमी भरायचे. फुकटात दूरही राहता येत नाही आणि फुकटात जवळही राहता येत नाही. तेव्हा पैशावरून काही ठरणार नव्हते, आणि कागद घडी घालून पंचांगात ठेवला गेला.

दिवसाच्या कामांसाठी मला गाडी फारशी लागत नाही, हेही या निमित्ताने उघड झाले. सकाळी एसटीने जावे, कामे आटपावीत, दुपारच्या गाडीने परतावे, हे सहज जमते. तिकिटाचा प्रश्न तर आमच्या घरी विनोदाचाच आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे; त्यामुळे सासूबाई फुकट जातात, मी अर्ध्या पैशांत जाते, आणि पासष्टीला अजून अवकाश असलेले यजमान तेवढे पूर्ण तिकीट काढतात. गाडीची चर्चा ऐकून सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘तुमचं तुम्ही बघा. मी आपली बसने येईन, मला तिकीट नाही. तुम्ही दोघं पेट्रोल जाळत मागून या.’

गाडी लागते ती परतण्यासाठी, आणि तेही रात्री. नोव्हेंबरात राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू झाली की सावरकर नाट्यगृहात रोज एक नवे नाटक असते. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात संगीत महोत्सव भरतो, आणि तिथे मुख्य गायक मैफलीला बसतात तेव्हा आमच्या वाटेची शेवटची गाडी स्टँडवरून सुटून गेलेली असते. गाडी नसेल तर हे सगळे जाणार, आणि शहरात राहायला गेलो तर हे सगळे गाडीवाचून मिळणार. मारुती मंदिरापासून गोखले नाक्यापर्यंत माणूस रात्री अकराला पायी घरी येऊ शकतो, ही कल्पना मला दागिन्यांपेक्षा मोहक वाटते. जिल्हा नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झालेले आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक आहे, आणि मी त्याची सभासद असूनही पुस्तक बदलणे हा माझ्यासाठी अर्ध्या दिवसाचा प्रवास होऊन बसतो. चहा गॅसवर ठेवून पुस्तक बदलून येण्याइतके वाचनालय जवळ असावे, ही माझी शहराकडून असलेली खरी अपेक्षा आहे.

शिवाय डोळे आहेत. साठीनंतर वाहन चालवण्याचा परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो आणि दर वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते प्रमाणपत्र मला मिळाले आहे, परंतु पावसाळी रात्री सड्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा पांढराशुभ्र दिवा काचेवरच्या पाण्यात फुटतो तेव्हा डॉक्टरांनी सही जरा सढळ हाताने केली असावी अशी शंका येते. रात्रीसाठी गाडी हवी आणि रात्रीच ती चालवणे कठीण होत जाणार, असा हा पेच आहे.

मात्र रात्रीच्या या हिशेबात केवळ आमच्याच रात्री नाहीत, आणि इथे मुलाचा सल्ला मला अपुरा वाटू लागला. आमच्या वाडीत दुचाक्या पुष्कळ आहेत, एक रिक्षा आहे, पण आडवे झोपवून नेता येईल अशी चारचाकी आमचीच. आश्विनात सड्यावर गवत कापताना कोणाला फुरसे चावले, कोणाच्या सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या, कोणाच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले, की आमच्या पडवीतला दिवा लागतो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि ती बोलावली की येते. पण ती जिथून यायची तिथून येईपर्यंतचा वेळ घरच्यांना काढवत नाही, आणि बहुधा तोवर आम्ही पावस गाठून पुढे जिल्हा रुग्णालयाच्या वाटेला लागलेलो असतो. या फेऱ्यांचे पैसे कोणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. पण मे महिन्यात कलमांवर माकडे आली की हाकायला धावणारे हात, आम्ही चार दिवस पुण्याला गेलो की सासूबाईंकडे झोपायला येणारी मुलगी, गणपतीत न सांगता दारात उतरलेली माटवीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीची, पाने आणि फळे, हा सगळा त्याच खात्यातला जमेचा भाग आहे. गाडी कागदोपत्री माझ्या नावावर असली तरी ती विकण्याचा निर्णय मी एकटीने घ्यावा इतकी ती माझी राहिलेली नाही. मुलाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘मग वाडीने दुसरी गाडी घ्यावी.’ पुण्यात सोसायटीच्या बैठका करून माणूस असा बोलायला शिकतो.

दरम्यान आम्ही ब्लॉक पाहायला जात होतोच. रामआळी, टिळक आळी, गोखले नाका हा पट्टा माझ्या मनात होता. तिथल्या जुन्या इमारती बाजाराला लागून आहेत, पण त्यांना उद्वाहन नाही, आणि सासूबाईंना दिवसातून दोनदा अंगणात उतरल्याशिवाय चैन पडत नाही. नव्या इमारती साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबाव अशा अंगाला आहेत. त्यांत उद्वाहन आहे, पार्किंग आहे, प्रवेशद्वारावर रखवालदार आहे, आणि तिथून बाजारात जायला पुन्हा गाडी लागते. रेल्वे स्थानकही त्याच बाजूला, शहराबाहेर. म्हणजे गाडी सोडण्यासाठी ज्या ठिकाणी जायचे तिथे गाडी ठेवण्याची सोय नाही, हे ठीकच. पण जिथे जागा ऐसपैस मिळते तिथे गेल्यावर गाडी सुटत नाही. एका मध्यस्थाने अभिमानाने दाखवलेल्या ब्लॉकच्या गॅलरीतून समुद्र दिसत होता. यजमान कठड्याशी उभे राहून बराच वेळ खाली पाहत होते. समुद्र आवडला असावा असे मध्यस्थाला वाटले. यजमानांनी वळून विचारले, ‘इथे शेवग्याची शेंग काय भावाने मिळते?’ स्वतःच्या दारचा शेवगा असलेल्या माणसाने ती विकत घ्यायची, यापलीकडची नामुष्की त्यांना सुचत नव्हती. पाण्याचेही त्यांनी विचारून ठेवले आहे. उन्हाळा वाढला आणि शीळ धरणातला साठा खाली गेला की शहरात एक दिवसाआड पाण्याच्या बातम्या सुरू होतात, आणि आमच्या विहिरीला वैशाखातही रहाटाचा पोहरा भरून येतो.

खरे तर आमचे शहराशी वाकडे नाही आणि गावातले घर सोडवतही नाही. अडचण येते ती ठरावीक महिन्यांत. आठ महिने वाडीतले आमचे जीवन कोणाला हेवा वाटावा असे असते. जूनपासून मात्र पाखाडी शेवाळते, सासूबाईंचे बाहेर पडणे बंद होते, वीज दोन-दोन दिवस येत नाही, भाताची लावणी सुरू झाली की वाडीत कोणाला बोलायला सवड नसते, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात रात्री गाडी काढणे मला आता नको वाटते. ज्या चार महिन्यांत गाडी सर्वांत जास्त लागते त्याच चार महिन्यांत मी ती चालवू नये, हे माझे मलाच पटलेले आहे. मग पूर्ण वर्षाचे स्थलांतर कशासाठी करायचे, असा प्रश्न यजमानांनी केला, आणि आमच्या संसारात क्वचित घडते तसे त्यांचे म्हणणे मला पहिल्याच वेळी पटले.

तेव्हा आता बेत असा आहे. ब्लॉक विकत घ्यायचा नाही. मिरगाला शहरात दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि गणपतीला गावच्या घरी परतायचे, कारण गणपती काही ब्लॉकमध्ये येणार नाहीत. ते त्यांच्या माटवीखालीच बसणार. गाडीचे पासिंग पाच वर्षांसाठी करून घ्यायचे. गाडी मात्र आमच्याबरोबर शहरात न्यायची नाही. शेजारच्या घरातला मुलगा आयटीआय करून आला आहे, त्याच्याकडे परवाना आहे, हात सावध आहे, आणि मालकाच्या संमतीने वैध परवानाधारकाने गाडी चालवली तर विमा लागू राहतो याची मी एजंटकडून खात्री करून घेतली आहे. किल्ली त्याच्या घरी खुंटीवर राहील. आठवड्यातून एकदा त्याने गाडी पावसपर्यंत फिरवून आणायची, म्हणजे बॅटरी उतरणार नाही आणि उंदरांना वाटणार नाही की ही जागा त्यांना दिलेली आहे. रात्री कोणाला गरज पडली तर आमच्या पडवीतला दिवा लागण्याची वाट न पाहता त्याने निघायचे.

मुलाच्या मते हे गाडी सोडणेही नव्हे आणि शहरात जाणेही नव्हे. यजमानांनी कागद पंचांगातून काढून त्यावर खोल्यांचे भाडे, फेरनोंदणीचे शुल्क आणि विमा अशी नवी बेरीज केली; ती आधीच्या दोन्ही पर्यायांच्या मधोमध कुठेतरी आली. शेजारच्या मुलाने एकच अट घातली आहे, की गाडी पासिंगला नेण्याआधी डावीकडच्या मागच्या दाराचा पत्रा बदलून घ्यावा. सासूबाईंनी खोल्या स्टँडपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हव्यात असे मध्यस्थाला स्वतः फोन करून सांगितले आहे, म्हणजे कंटाळा आला की त्यांना एकटीने गावी निघून येता येईल. तळमजल्यावरच्या दोन खोल्या अजून मिळालेल्या नाहीत. मध्यस्थ दर वेळी पार्किंग किती गाड्यांचे हवे म्हणून विचारतो आणि नको म्हटले की पुढचा पत्ता सांगताना त्याचा आवाज जरा उतरतो.