नवे पाळक आले, पण घरांची यादी कुठे आहे?

पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बदल्या शक्यतो उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात, म्हणजे त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटत नाही. मग जूनमधल्या एखाद्या रविवारी उपासनेनंतर स्वागत समारंभ ठरतो. शाल, पुष्पगुच्छ, चार भाषणे (दोन पुरली असती), समोसा आणि चहा. दीड-दोनशे माणसे हस्तांदोलन करून जातात आणि आपली ओळख झाली असे समजतात. पुढच्या रविवारी पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांकडे पाहून हसतात, नाव मात्र एकाचेही आठवत नाही. एका सकाळी दोनशे नावे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. ओळख व्हायची ती घरभेटींतून, आणि घरभेटी नीट व्हायच्या तर मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या) सेक्रेटरीने आधी यादी हातात द्यायला हवी.

बहुतेक ठिकाणी यादी असते, पण ती आडनावांच्या क्रमाने आणि वर्गणीच्या हिशेबासाठी केलेली. पुण्यात ती निरुपयोगी आहे. पेठेतल्या किंवा कॅम्पातल्या देवालयाची, म्हणजे चर्चची, मंडळी आज देवालयाच्या आसपास राहते असे नाही. घरे वानवडी, हडपसर, वडगाव शेरी, खडकी, पार पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलेली असतात. म्हणून यादी विभागवार करावी. एका कुटुंबाला एक ओळ: घरातल्या सगळ्यांची नावे, त्यांना हाक मारतात ती नावेही, सोसायटी, विंग, मजला, लिफ्ट आहे की नाही, जवळची खूण, फोन. कोणाचा बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) व्हायचे आहे ते. अंथरुणाला खिळल्यामुळे ज्यांना घरीच प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यावे लागते त्यांच्या नावापुढे खूण. आणि गेल्या वर्षभरात त्या घरात कोणी वारले असेल तर तारखेसह त्याची नोंद. हा शेवटचा रकाना हमखास राहून जातो, आणि मग नवे पाळक एखाद्या बाईंना “साहेब दिसले नाहीत?” असे विचारून बसतात.

घरातली भांडणे, कर्ज, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे यादीत लिहू नये. यादी कागदावर छापून पाळकांच्या हातात द्यावी. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकणारा उत्साही माणूस प्रत्येक मंडळीत असतोच. त्याला आधीच आवरावे.

आता वेळेचे गणित. रविवार उपासनेचा, सोमवार बहुधा पाळकांच्या विश्रांतीचा, शनिवार संदेशाच्या तयारीचा, आठवड्यातली एक संध्याकाळ प्रार्थनासभेची. उरतात तीन संध्याकाळी. साडेसहा ते नऊ या वेळेत एकाच विभागातली तीन घरे होतात, चौथे घेतले की सगळ्यांचीच घाई होते. म्हणजे आठवड्याला नऊ घरे. एकशे वीस कुटुंबांची मंडळी असेल तर तेरा-चौदा आठवडे लागतात. जुलैच्या सुरुवातीला निघाले तर ऑक्टोबर उजाडतो. गणपतीचे दिवस यातून वगळावेत, कारण पेठांतले रस्ते संध्याकाळी बंद असतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. डिसेंबरात कॅरल आणि नाताळाची तयारी सुरू झाली की घरभेटींचे नावच काढू नये. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात का सुचवायची नाही, हे सांगायला नको.

क्रमात खरी गडबड होते. पहिल्या आठवड्यात कमिटीच्या सभासदांकडे जेवणे होतात आणि आजारी आजींचा नंबर सप्टेंबरात लागतो. क्रम उलटा हवा: आधी अंथरुणावरचे, मग शोकात असलेली घरे, मग एकटे राहणारे वृद्ध, त्यानंतर विभागवार बाकीचे. कमिटीचे लोक तसेही रोज पाळकांच्या बंगल्यावर भेटतातच.

बरोबर त्या विभागातले एक माणूस असावे. घर सापडते आणि बोलण्याला सुरुवात होते. पण त्या माणसाला एक समज हवी: घरातल्या कोणाला पाळकांशी खासगी बोलायचे आहे असे दिसले की पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गॅलरीत जायचे. तो तिथेच ठाण मांडून बसला तर लोक फक्त हवापाण्याचे बोलतात. घरच्यांनी टीव्ही बंद करावा, सगळ्यांनी नावे सांगावीत, आणि प्रार्थना कशासाठी हवी ते बायबलमधले वचन वाचण्याआधीच सांगावे. “आमेन” झाल्यावर नव्हे. मुलांच्या शिफ्टमुळे सगळे एकत्र भेटणे अवघड असते, तिथे सगळे जमण्याची वाट पाहत भेट पुढे ढकलू नये. खाण्याचे म्हणाल तर एका संध्याकाळी तीन घरी पोहे आणि तीन कप गोड चहा कोणाच्याच प्रकृतीला झेपत नाही. विभागातल्यांनी आपसांत ठरवून एका घरी चहा, बाकी ठिकाणी पाणी, एवढेच ठेवावे. पाळक नको म्हणाले तर तो अपमान नसतो.

पाळकांच्या पत्नी महिला मंडळ चालवतील आणि पेटीही वाजवतील, असे गृहीत धरायची जुनी खोड आता सोडलेली बरी. त्या नोकरी करत असतील. त्यांना काय करायला आवडेल ते त्यांनाच विचारावे, आणि तेही सामान लागल्यावर.

दुसरा मोठा घोळ उपासनेत होतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्चसंस्था एकत्र येऊन झाली, पण सवयी एकत्र व्हायला वेळ लागतो. पुण्यातले पंचहौदचे पवित्र नाम देवालय अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतले. नगरकडच्या कितीतरी मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल (साध्या, मोकळ्या उपासनेच्या) वळणाच्या. तिकडे वाढलेले पाळक इकडे आले की कठड्याशी गुडघे टेकायचे की जागेवर बसून प्रभुभोजन घ्यायचे, एकच प्याला की छोटे पेले, झगा कोणता, विधी पुस्तकातून शब्दशः की मोकळी प्रार्थना, अशा ठिकाणी फरक दिसतो. शिशुबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा हे दोन्ही सी.एन.आय.मध्ये मान्य आहेत, तेव्हा पाळकांनी पालकांना प्रश्न विचारले म्हणून दचकू नये. पहिल्या प्रभुभोजनाआधी सेक्रेटरींनी वेदीजवळ उभे राहून आपल्याकडचा क्रम एकदा करून दाखवावा. पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि रविवारी भर उपासनेत एकमेकांना खुणा कराव्या लागत नाहीत.

गाण्यांचेही तसेच. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातले तेच गीत एका गावी एका चालीवर, दुसऱ्या गावी दुसऱ्या चालीवर म्हणतात. पाळक शब्द पाहून गीत निवडतात, वादकाला ती चाल येत नाही, आणि पहिले कडवे पाळक एकटेच म्हणतात. मंडळीला चांगली येणारी चाळीस-पन्नास गीते, क्रमांक आणि चालीसह, एका वहीत लिहून द्यावीत. ना. वा. टिळकांची भजने तबला-पेटी-झांजेवर म्हणता की ऑर्गनवर, हेही त्यात लिहावे. रविवारची गीते गुरुवारी संध्याकाळपर्यंत वादकांकडे पोचली तर सरावाला शुक्रवार-शनिवार मिळतात.

घरात लग्न असेल तर हॉल बुक करण्याआधी पाळकांना भेटा. देवालयात तीन रविवार लग्नाची सूचना वाचली जाते, दुसरा पक्ष वेगळ्या मंडळीचा असेल तर तिथेही, शिवाय त्यांच्या पाळकांचे ना हरकत पत्र लागते. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विधी सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हावा लागतो. साडेसहाचे लग्न ठेवून नवरी ब्यूटी पार्लरमध्ये अडकली की नव्या पाळकांची पहिलीच परीक्षा होते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळते का तेही घरीच पाहून घ्यावे. नोंदवहीतले नाव पाळक आपल्या मनाने बदलू शकत नाहीत.

शेवटी जुने पाळक. त्यांच्यावर लोकांचा जीव असतो आणि लग्नाला, दफनविधीला त्यांनाच बोलवावेसे वाटते. तसे असेल तर आधी नव्या पाळकांना विचारावे. आमंत्रण त्यांनीच द्यावे, म्हणजे दोघांचीही अडचण होत नाही. परस्पर फोन करून पत्रिकेत नाव छापले, तर नव्या पाळकांना ते पत्रिका हातात पडल्यावर कळते, आणि मग जुने पाळकच संकोचाने काहीतरी कारण सांगून यायचे टाळतात.