आमची वाटचाल : कपाटामागची भिंत

विकत घेण्यापूर्वी घरे तपासून देणाऱ्या आमच्या फर्मचा उल्लेख या व्यवसायातील काही मंडळी अजूनही ‘कपाटवाले’ असा करतात. ज्यांना त्यामागची हकिकत ठाऊक नाही त्यांना आमचा फर्निचरचा धंदा असावा असे वाटते, आणि ज्यांना ती ठाऊक आहे त्यांना अर्धीच ठाऊक आहे. उरलेली अर्धी लिहून ठेवावी हाच या लेखनाचा मुख्य हेतू आहे. वाटचालीचा बाकीचा तपशील तिच्या आगेमागे येईल तेवढाच येईल.

मी इमारतींच्या साइटवर देखरेखीची नोकरी करत होतो आणि माझा भागीदार गवंड्यांचा मुकादम होता. तो फारसा शिकलेला नाही, पण फरशीवर हातोडीच्या दांड्याचे टोक आपटले की खाली मसाला भरलेला आहे की पोकळी राहिली आहे, हे तो पाठमोरा उभा राहूनही सांगतो. नीट बसलेली फरशी टणक वाजते, पोकळ फरशी बद्द वाजते, आणि या दोहोंमधल्या आवाजाच्या फरशीला त्याने ‘विचारात पडलेली फरशी’ असे नाव दिले आहे. तीच हातोडी स्लॅबच्या खालच्या अंगाने फिरवली की गंजलेल्या सळईमुळे सुटू लागलेला थर कळतो, कारण गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो आणि सळईच्या रेषेतच काँक्रीट फोडतो. सुरुवातीला आमच्याकडे ही हातोडी, एक ओळंबा, लेव्हलची पारदर्शक नळी, एक चांगली विजेरी आणि दोन टोकदार पिनांचा ओलमापक एवढेच सामान होते. त्यावर पहिली काही वर्षे काम व्यवस्थित चालले.

ज्या घराने आमचे नाव घालवले ते एका जोडप्याने विकत घेण्यापूर्वी आमच्याकडून तपासून घेतले होते. घर पाच महिने बंद होते. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, नेमक्या त्या सामाईक भिंतीशी, जुन्या मालकाचे अवजड लाकडी कपाट उभे होते आणि ते हलवायला त्याने साफ नकार दिला. आम्ही अहवालाच्या एकविसाव्या पानावर ‘फर्निचरमुळे झाकलेला भाग तपासलेला नाही’ असे लिहिले, आणि व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ते पुरेसे होते. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या कार्यमानकांतही तपासणी ही दिसणाऱ्या आणि सहज पोहोचता येणाऱ्या भागांची मानली आहे आणि निरीक्षकाने सामान हलवलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर घातलेले नाही. तेव्हा कागदावर आम्ही बरोबर होतो. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या लोकांना ऐकवले की पुढे पुढे भागीदार ते सुरू झाले की उठून बाहेर जाऊ लागला.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुठे लिहिली नव्हती. भागीदाराच्या मनात बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवायचे होते, म्हणजे फ्लोअर ट्रॅपचे, फरशीतले पाणी जिथून वाहून जाते त्या जागेचे, तोंड बंद करून दोन बोटे पाणी चोवीस तास ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी भोवतालच्या भिंती व खालचे छत पाहायचे. बंद घरात पाच महिने कोणी आंघोळच केलेली नसते, त्यामुळे गळका सांधाही कोरडा असतो आणि भिंत निष्पाप दिसते, हे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची परवानगी मागावी लागली असती, आणि मला त्याच दुपारी दुसरे काम होते. मी दहा मिनिटे नळ सोडला, पाणी उताराने ट्रॅपकडे गेले, आणि मी ‘समाधानकारक’ या रकान्यात खूण केली.

चार महिन्यांनी फोन आला. कपाट गेले होते, कुटुंब राहायला आले होते, रोज आंघोळी होत होत्या, आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंत भिंतीचा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते. त्यांच्या कडेने क्षारांची पांढरी झालर उठली होती आणि खोलीत कोंदट वास होता. गृहस्थ आरडाओरडा करणारे नव्हते. ते एवढेच म्हणाले, “साहेब, आम्ही तुमच्या सहीवर घर घेतलं.” मी एकविसावे पान दाखवले. त्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही दोन तास इथे होतात. कपाटामागचं पाहता आलं नाही, हे तोंडाने का नाही सांगितलंत?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी एकविसावे पान पुन्हा, जरा मोठ्याने, वाचून दाखवले.

यापुढे जे घडले त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांनी दुसऱ्या, आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या फर्मला बोलावले. तिने थर्मल कॅमेऱ्याने भिंतीचा फोटो काढला, त्यात गडद निळा डाग दिसला, आणि अहवालात लिहिले की हा दोष पूर्वीच्या तपासणीत दिसायलाच हवा होता. हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही, तो फक्त पृष्ठभागाचे तापमान रंगांत दाखवतो. ओल्या भागातून बाष्पीभवन होत असल्याने तो भाग थंड राहतो आणि निळा दिसतो. कोरड्या भिंतीतला उद्याचा गळका सांधा त्यात दिसत नाही. शिवाय त्या अहवालात गिलाव्यावरच्या ओलमापकाचा आकडा थेट टक्क्यांत दिला होता. पिनांचा ओलमापक विजेला होणारा रोध मोजतो आणि त्याची टक्केवारी लाकडासाठी लावलेली असते; गिलाव्यावर तो केवळ इथे जास्त, तिथे कमी इतकेच सांगतो, आणि क्षार असले की ओल कमी असूनही आकडा भलताच चढतो. खरे प्रमाण हवे तर भिंतीचा थोडा चुरा काढून तो कॅल्शियम कार्बाइडसोबत बंद बाटलीत हलवावा लागतो; ओलाव्यामुळे ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओल कळते. हे त्या फर्मला ठाऊक नसेल असे मी मानायला तयार नाही. पण निळा डाग पाहिलेल्या माणसाला बाष्पीभवन समजावून सांगणारा निरीक्षक पळवाट शोधतो आहे असेच वाटते, आणि त्या खोलीत मी तसाच दिसत होतो.

बातमी घर विकणाऱ्या मध्यस्थांपर्यंत पोहोचली. आमच्याकडे निम्म्याहून अधिक काम त्यांच्याकडून येत असे (ही आमची दुसरी चूक, तिच्याकडे पुढे येतो), आणि ते अकरा महिने जवळजवळ बंद पडले. आमच्याकडे कामाला असलेली दोन्ही मुले नाइलाजाने दुसरीकडे लागली. आम्हीही नुकताच हप्त्यांवर थर्मल कॅमेरा घेतला होता, तो विकला. हातोडी राहिली, कारण तिला गिऱ्हाईक नव्हते.

आम्ही त्या जोडप्याला फी परत केली. भरपाईचा प्रश्न वकिलांच्या पत्रांत लोंबकळत असताना एका सकाळी भागीदार मला न विचारता त्यांच्या घरी गेला आणि बाथरूमच्या ट्रॅपभोवतीच्या चार फरशा उखडून बसला. वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपच्या कडेपर्यंत आणून आत वळवायचा असतो. इथे तो चार बोटे अलीकडेच थांबला होता, आणि फरशीखाली मुरलेले पाणी ट्रॅपमध्ये उतरण्याऐवजी भिंतीत शिरत होते. त्याने तो सांधा स्वतःच्या हाताने केला, पाणी भरले, चोवीस तासांनी जाऊन पाहिले, आणि ओल वाढत नाही अशी खात्री झाल्यावर फरशा बसवल्या. पत्रे थांबली. ती दोघे त्याच्याशी नीट बोलतात, माझ्याशी नाही.

त्या अकरा महिन्यांत आम्हाला ज्यांनी काम दिले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय ही वाटचाल पुरी होणार नाही. ते निवृत्त लेखापरीक्षक आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचे आमच्याशी पूर्वीच एकदा वाजले होते आणि तेही उलट कारणाने: स्वतःचे घर विकण्याआधी त्यांनी ते तपासून घेतले आणि आम्ही इतके दोष लिहिले की हे घर आहे की अवशेष, असा त्यांचा सवाल होता. तरीही पडत्या काळात त्यांनी तीन तपासण्या दिल्या. प्रत्येक अहवाल ते तांबड्या पेन्सिलीने वाचत आणि समासात प्रश्नचिन्हे काढत. ‘किरकोळ भेग’ या शब्दांपुढे त्यांनी लिहिले, ‘किती? नखाएवढी की केसाएवढी?’ तेव्हापासून आम्ही भेगेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितो आणि फोटोत शेजारी पट्टी धरतो. एकविसाव्या पानाची हकिकत ऐकून ते म्हणाले, “जे पाहिलं नाही ते पहिल्या पानावर लिहा. जे पाहिलं ते कुठेही लिहा, लोक शोधून वाचतात.”

आमच्या अहवालाचे पहिले पान आजही तेच आहे. झाकलेल्या प्रत्येक जागेचा फोटो, ती का पाहता आली नाही त्याचे कारण, आणि घर सोडण्यापूर्वी ग्राहकाला त्या त्या जागेपुढे उभे करून सांगितल्याची त्यांची सही. यामुळे वाद कमी झाले, संपले नाहीत. एका घरमालकांनी परवा तक्रार केली की आमच्याकडच्या मुलाने आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे, नुसते बटण दाबले. त्यात तथ्य होते. बटणाने आतली यंत्रणा सुटते एवढेच कळते, ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला ती ३०० मिलिसेकंदांच्या आत सुटते की नाही हे उपकरण लावूनच कळते. मुलाला परत पाठवले.

कोणी विचारले नसले तरी घर घेणाऱ्यांना एक-दोन गोष्टी सांगतो. तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि निरीक्षकाला दर अर्ध्या तासाने एकच प्रश्न विचारा, की आता काय पाहता येत नाही. बंद घर असेल तर पाणी साठवून पाहण्याची परवानगी विकणाऱ्याकडून लेखी घ्या. नकार मिळाला तर तो नकार अहवालात लिहून घ्या. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिथे जास्त वेळ थांबा. आणि व्यवहार झाला तरच ज्याला दलाली मिळते त्याने सुचवलेला निरीक्षक घेऊ नका. हे मी वर्षानुवर्षे मध्यस्थांच्या कामावर जगून सांगतो आहे. आता आम्ही त्यांच्यामार्फत काम घेत नाही, त्यामुळे वाढ सावकाश होते, आणि भागीदाराच्या मते ती अजून सावकाश झाली तरी चालेल.

नंतरची नऊ वर्षे काम होत गेले. नवा कॅमेरा आला, मुले आली, काका आता अहवाल भिंग लावून वाचतात. त्या मोठ्या फर्मचा अहवाल माझ्या टेबलाच्या खणात आहे. निळ्या डागाच्या फोटोखाली त्यांनी तो कधी काढला त्याची तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत छापली आहे. भिंत ओली कधीपासून झाली असावी, याबद्दल अख्ख्या अहवालात एक ओळ नाही.