साडी उलटून दाखवायची

लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात लागले तेव्हा सुरुवातीला मला विक्रीला बसू दिलं नाही. गिऱ्हाईक उठलं की गादीवरचा पसारा आवरायचा आणि घड्या घालायच्या, एवढंच काम. घडी मूळच्या मोडीवरच पडली पाहिजे, काठाला काठ जुळला पाहिजे, पदर वर दिसला पाहिजे. ढिगाने साड्या हाताखालून गेल्या तेव्हा कुठे कापड कळायला लागलं. इरकलचा पदर, नारायणपेठचा काठ, महेश्वरीचा हलकेपणा हे कुणी सांगून समजत नाही, हात फिरवावा लागतो.

पैठणी मला आमच्या गादीवरच्या जुन्या काकांनी शिकवली. "पुढून सगळ्याच देखण्या गं. उलटी कर आणि बघ," म्हणाले. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, कारण विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी घेऊन, धाग्यात धागा अडकवत नक्षी भरतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लांबलांब पसरलेले नाहीतर कापलेले दिसतात. येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिच्या नावावर काहीही खपवणारे आहेतच. सेमी पैठणी, म्हणजे पैठणीसारखी दिसणारी यंत्रमागाची साडी, वाईट नसते, पण ती सेमी म्हणूनच विकली पाहिजे. याबाबत काका फार कडक होते आणि मला ते मनापासून पटलं.

खरी परीक्षा लग्नसराईत झाली. बस्त्याला एक कुटुंब आलं. नवरी, तिची आई, आत्या, मावश्या, आणि कोपऱ्यात पिशव्या सांभाळत गप्प बसलेले वडील. अशा वेळी बोलणारे बरेच असतात, पण पैसे देणाऱ्याचा चेहरा वाचावा लागतो. भारी साडी उलगडली की वडील आधी किमतीची चिठ्ठी बघत होते. मी हळूच खालच्या किमतीचा माल काढायला सांगितला. त्यातली एक जांभळी, हिरव्या काठाची साडी नवरीला फार आवडली. आत्याने विचारलं, "ही येवल्याचीच ना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच बिल झालं असतं. महिनाअखेर होती, टार्गेट पुरं व्हायचं होतं. मी पदर उलटा करून त्यांच्या हातात दिला. "नाही आत्या, ही यंत्रमागाची आहे. मागचे धागे बघा." शेजारी हातमागाची ठेवली, तिचाही पदर उलटला. सगळ्यांनी दोन्ही साड्या चाचपून पाहिल्या. थोडा वेळ आपसात कुजबुज झाली. मग आई म्हणाली, "आम्हाला झेपेल ती हीच. पण काय घेतोय ते कळलं, बरं झालं." त्यांनी तीच घेतली. मी फॉल-पिकोला टाकून दिली आणि नवरीला सांगितलं, की पुढे कधी रेशमाची घेतलीस तर मधूनमधून घडी बदलत जा, नाहीतर मोडीवर चिरते.

असं शांतपणे माल दाखवायला अंगात त्राण लागतं. याआधी मी एका मॉलमधल्या तयार कपड्यांच्या दुकानात होते. तिथे गिऱ्हाईक नसलं तरी बसायची मनाई होती. संध्याकाळी पाय सुजायचे, पोटऱ्या ठणकायच्या, आणि नेमकी तेव्हाच गर्दी वाढायची. त्या अवस्थेत पाचवा साइज शोधून आणताना चेहऱ्यावर हसू टिकत नाही. यात तिथे काम करणाऱ्या मुलींचा काहीच दोष नाही. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायचा कायदा केला. त्यामागे कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांचाच त्रास होता. माझ्या मते खुर्ची हा पगाराइतकाच हक्काचा विषय आहे.

ओळखीच्या मुली कपड्यांच्या दुकानातल्या नोकरीबद्दल विचारायला येतात. पगाराचं त्या स्वतःच विचारतात. मी त्यांना आणखी दोन गोष्टी विचारून यायला सांगते: माल कोण शिकवणार, आणि गिऱ्हाईक नसताना बसू देतात का.