अर्धा कोयता

वडकी नाल्याच्या विसाव्याला मी खाली बसले ती आता उठायचं नाही असं ठरवूनच. योगिनी एकादशी होती. पोटात पहाटेची साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं. पुणं मागे पडलं, हडपसर मागे पडलं, आणि समोर दिवे घाट. घाट चढून पुन्हा सासवडपर्यंतची चाल बाकी. वारीच्या अख्ख्या वाटेवरचा हा सगळ्यात लांबचा टप्पा नेमका उपवासाच्या दिवशी येतो. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. इथूनच पीएमटी धरून घरी जावं, एवढंच डोक्यात होतं.

आमच्याच दिंडीतली एक बाई समोर येऊन बसली. साठीच्या आसपासची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. सगळे तिला आक्का म्हणत. काही न विचारता तिनं माझी टाच मांडीवर घेतली, चंचीतून सुई काढली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेला. दोन्ही बाजूंनी टोक ठेवून दोरा तोडला. "काढू नको आता. पाणी झिरपून जातंय आपोआप." माझी टाच धरलेल्या तिच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. मी बघतेय हे तिला कळलं.

"ऊसतोडीत गेली. कोयता सटकला."

मग बुक्क्याची डबी उघडून तिनं माझ्या कपाळावर बोट टेकवलं. मी मागे सरले. एप्रिल 2021 मध्ये माझे यजमान कोरोनात गेले. अकरा दिवस दवाखान्यात होते, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. आक्का म्हणाली, "बुक्का हाये गं. हिथं समद्या माउल्या. माझ्या कपाळाला बघ की, मी बी तसलीच." तेव्हा मी कपाळ पुढं केलं.

घाट चढले. माउलींच्या रथाला घाटासाठी बैलांच्या जादा जोड्या लावतात, ते वरच्या वळणावरून पाहिलं. खाली पताकाच पताका. दोन वर्षांनी पायी वारी निघाली होती. "दोन साल माउली एसटीनं गेली," आक्का सांगत होती, "मी बांधावर उभी राहून हात जोडले. आवंदा म्हटलं, काय बी होऊ दे, जायचं."

जेजुरीत भंडारा उधळला. वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री पावसानं झोडपलं. आमचं पाल एका बाजूनं बसलं, वळकट्या भिजल्या. चौदा बायका अंधारात अंग चोरून बसल्या होत्या. कुणी दिंडीवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या, एक तर उद्या परत जाते म्हणून हमसून रडायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून आक्कानं जात्यावरची ओवी धरली. पाठ असलेली नव्हे, तिथल्या तिथं जुळवलेली. त्या रडणाऱ्या बाईचं गाव ओवीत आलं, तिची गाभण म्हैस आली. मग पुढची बाई, तिचा परभणीला नोकरीला लागलेला लेक. एकेक करत ती माझ्यापर्यंत आली आणि माझ्या यजमानांचं नाव तिनं ओवीत गुंफलं. दुपारी चालता चालता तिनं ते सहज विचारून घेतलं होतं.

घरी त्यांचं नाव घेणं सगळ्यांनी बंद केलं होतं. मला त्रास नको म्हणून. वाल्ह्याच्या त्या पालात, अंधारात, तेरा बायकांनी ते नाव चालीवर म्हटलं.

लोणंदच्या तळावर पाण्याच्या टँकरमागे आक्का फोनवर बोलताना दिसली. आवाज दबका, मान खाली. मुकादमाचा फोन होता. गेल्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नव्हती, आणि पुढच्या हंगामाला तिला अर्धीच उचल मिळणार होती. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. माणूस एकटं असलं की अर्धा कोयता. तिचा धनी जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं दिवाळीच्या सुमाराला बीडचं गाव सोडून, कारखान्याच्या भागात पाचटाच्या कोपीत राहून, ती अर्धा कोयता म्हणून मोळ्या बांधत होती.

फोन ठेवून तिनं तोंडावर पाणी मारलं आणि तशीच जाऊन एका म्हातारीच्या पोटऱ्यांना तेल चोळायला बसली. चोळता चोळता तिला हसवत होती. मला ते बघवेना. रात्री विचारलं, "आक्का, तुम्हाला रडू येत नाही का हो?"

"येतंय की. काकड्याच्या आधी समद्यांच्या अगुदर उठते ती कशाला? तेवढ्यात रडून घेते. मग तोंड धुते."

त्याच संध्याकाळी समाज आरतीला आम्ही शेजारी उभ्या होतो. पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीला काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्या दिवशी लांब कुठंतरी एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, गाऱ्हाणं बी टाळ वाजवूनच."

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. दुतर्फा दिंड्या, मधून दोन अश्व दौडत गेले, आणि टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली. मग फुगड्या सुरू झाल्या. आक्कानं मला ओढलं. मी लग्नाआधी कधीतरी खेळले होते. सवयीनं मी तिची बोटं धरायला गेले तर ती म्हणाली, "बोटं नको, सुटतंय. मनगट धर." तिनं माझं मनगट धरलं. त्या तीन बोटांची पकड अशी होती की वळ उठले. आम्ही फिरायला लागलो. माती, पताका, माणसं सगळं एक झालं, आणि फिरता फिरता ती मोठ्यानं ओरडली, "दोन अर्धे कोयते गं! झाला की नाय एक पुरा!"

मी हसत होते. पोट दुखेपर्यंत. थांबलो तेव्हा कळलं, डोळ्यांतून पाणी चाललंय.

त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर पहाटे उठायला लागले. पाण्याचे हंडे भरायला, आजारी बायकांच्या वळकट्या बांधायला. सुईदोरा माझ्याकडेही आला. भंडीशेगावात एका पोरसवद्या वारकऱ्याच्या तळव्याला मी दोरा ओवला, हात थरथरत होता पण जमलं.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या. पंढरपूर आता हाकेच्या अंतरावर. रिंगणानंतर सगळीकडे खेळ रंगला होता आणि एक तिशीची बाई, कपाळ मोकळं, पिशवी छातीशी धरून झाडाखाली बसली होती. मी आक्काकडे पाहिलं. ती दुसरीकडे चौघींना गोळा करून उड्या मारत होती, तिचं लक्ष नव्हतं.

मी त्या बाईजवळ गेले. बुक्का लावला. हात पुढं केला. ती म्हणाली, "मला नाही येत हो."

"मनगट धर," मी म्हटलं. "बोटं नको."