आमची वाटचाल : टोचणारा 'स'

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये 18 मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) कापायचं आणि ओळखीपाळखीत स्पीकर बनवून द्यायचे, अशी आमची सुरुवात. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच.

पहिली जोडी शेजारच्या आजोबांनी घेतली. पंधरा दिवसांत दारात उभे. "बाळा, आवाज स्वच्छ आहे रे, पण भजनात टाळ सुरू झाले की मी उठून बंदच करतो." त्यांच्याकडे बसून ऐकलं, तर टाळ सोडाच, शब्दातला प्रत्येक 'स' कानाला टोचत होता. फार वाईट वाटलं.

खालचे सूर वाजवणारा आमचा वूफर 88 डेसिबलचा, वरचे सूर वाजवणारा छोटा ट्वीटर 91चा. तेवढ्याच पॉवरवर ट्वीटर वरचढ होणारच. आधी आम्ही बेस वाढवला. आवाज नुसता बोजड झाला, 'स' तिथेच. मग ट्वीटरला 2.2 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, सिरीजमध्ये लावला. आवाज उतरला, पण गायिका तारसप्तकात गेली की चिरका यायचा. आठवडा गेला, तेव्हा उलगडा झाला. खालचे सूर ट्वीटरकडे जाऊ नयेत म्हणून त्याच्याआधी कॅपॅसिटर असतो. 4.7 मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरपुढे ट्वीटरचे 8 ओहम असतात तेव्हा ट्वीटर साधारण 4200 हर्ट्झला हाती घेतो. रेझिस्टरमुळे ते 10.2 ओहम झाले आणि आकडा 3300 वर घसरला. म्हणजे त्या नाजूक ट्वीटरवर खालच्या सुरांचं ओझं आम्हीच टाकलं होतं!

खरा उपाय एल-पॅडचा, म्हणजे दोन रेझिस्टरच्या जोडीचा. 2.2 सिरीजमध्ये, शिवाय 22 ओहमचा ट्वीटरला पॅरलल. कॅपॅसिटरला पुन्हा 8 ओहमच दिसतात आणि ट्वीटर पावणेतीन डेसिबलने शांत होतो. दोन्ही वायरवाउंड (तार गुंडाळून केलेले), 10 वॅटचे. लहान घेतले तर तापतात.

थोडा दोष बैठकीचाही होता. खाली उघडी फरशी, समोर मोठी काच. सतरंजी अंथरली, जाड पडदा लावला, ट्वीटर थेट कानावर येत होते ते जरा बाहेर वळवले. आजोबांनी त्या दिवशी अख्खं भजन ऐकलं, डोळे मिटून.

तेव्हापासून आम्ही हे दोन रेझिस्टर सोल्डर करत नाही, कनेक्टर पट्टीवर स्क्रूने कसतो. गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्याच आवडीच्या गाण्यावर तासभर ऐकून मगच किंमत पक्की होते. रेझिस्टरची, म्हणजे तो किती ओहमचा ती; स्पीकरची नव्हे.

आजोबा आता नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांच्या सूनबाई जोडी घेऊन आल्या, वूफरची फोमची कड झिजली होती. कड बदलली. पट्टीवरचे 2.2 आणि 22 तसेच ठेवले.